गोळीवरचा किडा

दिघी, दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. सुमनताईस,
उद्धवाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या दोन्ही कानांनी असहकार पुकारल्यापासून दूरध्वनी हे यंत्र आपल्यापुरते बाद झाले आहे. मागच्या खेपेस मी इकडून ‘गोळी घेतलीस का’ असे इतक्या वेळा ओरडलो की आमच्या इमारतीतल्या दोन मजल्यांनी आपापल्या गोळ्या घेऊन टाकल्या. तू मात्र पोळी झाली, आता भात टाकते, असे उत्तर दिलेस. तेव्हा यापुढे टपालखाते हाच आपला आधार.

आधी महत्त्वाचे. तुझ्या हृदयात जाळी बसवून चौदा महिने झाले. रक्त पातळ ठेवणारी ती सकाळची गोळी एकही दिवस चुकता कामा नये, चुकली तर जाळी तुंबेल, असे डॉक्टरांनी तुझ्यासमोर, माझ्यासमोर आणि निशिगंधेसमोर बजावले आहे. ती घेतेस ना, हे स्वहस्ते कळव. लेक वाकडला राहते आणि भाऊ दिघीला, म्हणजे चासला तुझ्यावर लक्ष ठेवणारे कोणी नाही असा गैरसमज करून घेऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. आमच्या कंपनीत नेमके करतात काय, असे तू विचारलेस. एकतीस वर्षे मी तेथे माल तपासून दाखल्यांवर सह्या करतो आहे, पण हा प्रश्न विचारणारी तू पहिलीच. खुद्द आमच्या व्यवस्थापकांनाही तो कधी पडलेला नाही.

ताई, आम्ही लेप करतो आणि तो लाखेपासून करतो. कुसुंब, पळस, बोर अशा वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर तांदळाच्या कणीहून लहान असा एक किडा सहकुटुंब वास्तव्यास येतो. सालीत सोंड खुपसून तो आजन्म रसपान करतो आणि प्यालेल्या रसाचे उदरात जे व्हायचे ते झाल्यावर एक चिकट द्रव अंगावाटे बाहेर टाकतो. असल्या लक्षावधी जीवांचे हे उत्सर्जन एकत्र वाळून डहाळीवर खरबरीत कवच धरते. त्या कवचाच्या आत मादी अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. प्रसूतिगृह, मोरी आणि स्मशान यांची इतकी आटोपशीर एकत्र सोय मी अन्यत्र पाहिलेली नाही. ती डहाळी तोडून आणली की झाली काडीलाख.

आजवर आमच्याकडे ही लाख बाहेरून धुऊन येत असे. मधाच्या वर्णाचे दाणे, अगदी सभ्य. यंदा प्रीतम नामक नूतन व्यवस्थापकांना काटकसरीचा झटका आला आणि काडीलाख जंगलातून थेट आमच्या महाळुंग्याच्या कारखान्यात अवतीर्ण झाली. ती खरवडून, चुरून टाकीत भिजत घातली की पाणी रक्तासारखे लाल होते. हाच तो लाक्षारस. याचाच अळता लावून तू बोहल्यावर उभी होतीस आणि आम्ही सर्वांनी तुझ्या पावलांचे कौतुक केले होते. दुसऱ्या दिवशी पाण्यावर कलेवरे तरंगतात. तिसऱ्या दिवशी जो गंध सुटतो त्याला दुर्गंध म्हणणे हा दुर्गंधाचा अपमान ठरेल. कुजलेली सुकट, ओले घोंगडे आणि बंद खोलीत आजारी पडलेले मांजर यांचा एकत्रित काढा कल्पून पाहा. टाकीवर ज्योतीराम आहे, परभणीकडचा, पन्नाशीचा सज्जन गृहस्थ. तो म्हणतो, साहेब, घरी गेलं की बायको म्हणती आधी नळाखाली उभं ऱ्हा, मग सांगते आत यायचं का न्हाई ते. कँटीनमध्ये त्याच्या बाकावर आता तो एकटाच बसतो. मी दोनदा शेजारी बसलो. तिसऱ्यांदा माझ्याच्याने बसवले नाही, हे तुझ्याजवळ कबूल करतो.

पण पुढचा चमत्कार पाहा. धुतलेले दाणे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापडातून गाळायचे, कोळशातून नेऊन त्यांचा रंग काढायचा. स्पिरिट उडून गेले की मागे उरते ते काचेसारखे स्वच्छ, निर्गंध, निष्पाप. ते कपाटाला लावा, चौरंगाला लावा, दुकानातल्या सफरचंदाला लावा, मुलांच्या रंगीत गोळ्यांना लावा. सर्वत्र तीच झळाळी. आणखी एक गुण असा की पोटातल्या आम्लाला ते मुळीच दाद देत नाही. सोड्याच्या पाण्यापुढे मात्र तत्काळ शरणागती पत्करते. म्हणून औषधाच्या गोळ्यांवरही त्याचा अंगरखा चढवतात. तात्पर्य, तू रोज पहाटे देवपूजा आटोपून जी गुळगुळीत गोळी भक्तिभावाने गिळतेस, तिच्यावरही आमच्याच किड्याचा प्रसाद असणार. गळ्यातली माळ सांभाळून गिळ.

लोभ लाखेसारखाच चिकट असावा, पण धुतलेल्या.
तुझा धाकटा,
उद्धव

*

चास, दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. उद्धवास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवताना उघडलं ही माझी चूक. ताटात बटाट्याचा रस्सा होता. ‘कलेवरे तरंगतात’ इथपर्यंत आले आणि ताट बाजूला सारलं ते सारलंच. शेजारची रतनबाई दळणाचा डबा न्यायला आली होती. तुला ठाऊक आहे, तुझी पत्रं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. तुझा एखादा शब्द तिला कळला नाही तरी ती मान डोलावते. या खेपेला मान डोलवायची थांबली. म्हणाली, म्हंजी सफरचंदावर किड्याचं ते लावत्यात? न्हाई बाई, आमी आजपासून शिवनार न्हाई. आणि दाराबाहेर जाऊन तीनदा थुंकून आली. निशिगंधानं आणलेली चार सफरचंदं मी राखेनं घासली, गरम पाण्यानं धुतली, तरी हात लावावासा वाटेना. शेवटी कालवडीपुढे टाकली. तिनंही हुंगून तोंड फिरवलं. आता तिला तुझं पत्र कुणी वाचून दाखवलं देव जाणे.

थट्टा राहू दे. एकोणचाळीस वर्षं झाली मला माळ घालून. अंड्याचा केक असेल म्हणून नातीच्या वाढदिवसाला मी नुसता भात खाऊन उठले, आणि रोज सकाळी देवापुढून उठून पहिली तोंडात घालते ती किड्याची घाण? चौदा महिने? तुझं पत्र आल्यापासून ती गोळी जिभेवर ठेवली की अंगावर शहारा येतो. डोळे मिटून, नाक दाबून गिळते. तरी दोन वेळा उलटून आली.

मला एवढंच कळव. माझ्या गोळीवर ते आहे की तू गंमत केलीस? लांबण लावू नकोस. एका ओळीत लिही.

बाकी ठीक. तब्येतीला जप, आणि त्या ज्योतीरामाशेजारी बसत जा.
तुझी,
ताई

*

दिघी, दि. ३ मार्च २०२५

ती. सुमनताईस,
दंडवतपूर्वक वि. वि.

एका ओळीत उत्तर दे म्हणतेस. ज्या मनुष्याने उभ्या आयुष्यात लग्नाला होकारसुद्धा सव्वा पानात दिला त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी आहे. कालवडीचे मत मात्र मी कंपनीतल्या सूचनापेटीत टाकले आहे.

तू किळस करू नकोस, एवढेच सांगतो. किळस ही मूलतः ज्ञानाची व्याधी आहे. अज्ञ मनुष्य सुखाने गिळतो. याचा प्रत्यय मला गेल्याच आठवड्यात आला. ऐक.

उपवासाच्या व देवस्थानी वाटायच्या साखरगोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याने आमच्या लेपाची मागणी नोंदवली. सोबत एक छापील दाखला. त्यात विचारणा, लेपाचा उगम काय: वनस्पतिज, प्राणिज की कीटकजन्य? लागू नसेल ते खोडावे, खाली जबाबदार अधिकाऱ्याने सही करावी. जबाबदार अधिकारी म्हणजे मी. मी ‘वनस्पतिज’वर लेखणी टेकवून ते खोडणार तोच प्रीतम खुर्ची ओढून जवळ बसले. सर, म्हणाले, किडा पितो काय? झाडाचा रस. बाहेर टाकतो काय? तोच रस. मग किडा नुसता मधला ट्रान्सपोर्टवाला झाला ना? मालाच्या बिलावर आपण ट्रकचं नाव टाकतो का? मी म्हटले, ट्रक माल स्वतः खाऊन मग उतरवत नाही. ते हसले. मीही हसलो. टाकीचा वास खिडकीतून आत येत होता आणि आम्ही दोघे नाकाला रुमाल लावून ‘वनस्पतिज’ या शब्दावर चर्चा करीत होतो.

घशाशी काहीतरी आले, ताई, खोटे कशाला सांगू. पण एकतीस वर्षांत घशाशी आलेले परत गिळण्याचा सराव दांडगा झाला आहे. उरलेले दोन पर्याय खोडले आणि सही ठोकली. सहीसुद्धा अशी की पाहणाऱ्याला वाटावे, कोणा संस्थानिकाने सनद दिली. आता भाविक मंडळी चैत्रात उपवास सोडताना आमच्या किड्याला कुर्निसात करतील आणि त्यांना ते कळणारही नाही. सुखी जीव!

तू गोळी घेत राहा. विचार करू नकोस. तो प्रांत माझा.

तुझी माया आहे तेवढीच पुरे, वाढवलीस तर मला अपचन होईल.
उद्धव

*

चास, दि. ११ मार्च २०२५

चि. उद्धवास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. या खेपेला रतनबाईला वाचून दाखवलं नाही.

देव्हाऱ्यावर ह्यांनी फार वर्षांपूर्वी लाखेचं पॉलिश करून घेतलं होतं. ते आता मला काढायचं आहे. सोड्यानं निघतं असं तू लिहिलं होतंस. तो सोडा धुण्याचा की खायचा? खायच्या सोड्यानं निघेल का? पाणी गरम हवं की गार? किती वेळ ठेवायचं, आणि सगळं निघालं हे कळायचं कसं? आतल्या वस्तूला त्यानं काही होत नाही ना?

सविस्तर लिही.
तुझी,
ताई

*

दिघी, दि. १८ मार्च २०२५

ती. सुमनताईस,
सा. न. वि. वि.

धन्य! घराण्यात अखेर कुणाला तरी रसायनशास्त्राची गोडी लागली. एरवी मी विषय काढला की तुम्हा सर्वांना गॅसवर दूध ठेवल्याचे आठवते.

धुण्याचा सोडा जलद काम करील, पण देवाच्या लाकडाला तो राक्षसी उपाय. खाण्याचा सोडा सौम्य आहे व पुरेसा आहे. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे. पाव तास धीर धर. लेप आधी बुळबुळीत होईल, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटेल. ओल्या फडक्याने पुसलेस की आतले मूळ स्वरूप मोकळे. बोटाला बुळबुळ लागेनाशी झाली की समज, किडा निघून गेला. आतल्या वस्तूला काहीही अपाय नाही, याची हमी मी देतो. हवा असल्यास दाखला देतो, सहीनिशी.

गोळीबद्दल या खेपेस तू अवाक्षर काढले नाहीस, याचा अर्थ ती सुरळीत चालू आहे असा मी काढतो. यंदाची मिरची फार जहाल निघाली असे तू निशिगंधेला कळवल्याचे समजले. तिखट कमी कर, ताक पी.

असाच अधूनमधून शंका विचारून या मास्तराला उपकृत करावे.
उद्धव

*

वाकड, दि. ९ एप्रिल २०२५

ती. मामांस,
निशिगंधाचा नमस्कार.

मामा, फोन करणार होते. पण फोनवर मी ओरडले असते आणि तुम्ही काहीतरी विनोद केला असता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पत्र लिहिते आहे आणि आजच माणसाकरवी पाठवते आहे.

शनिवारी आईला काळी शौचाला झाली आणि ती न्हाणीघरातच पडली, हे तुम्हाला माहीतच आहे. पोटात रक्तस्राव झाला आहे, रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. काल तुम्ही दवाखान्यात आलात, नर्सला हसवलंत, आईसाठी शहाळं ठेवून गेलात. रक्तस्राव का झाला हे तेव्हा डॉक्टरांनाही कळत नव्हतं. आज सकाळी मी तिचे कपडे आणायला चासला गेले.

देवघरातच स्टीलची एक वाटी होती. तळाशी सोड्याचं पाणी, आणि त्यात गोळ्यांची सालं. फिकट गुलाबी, बुळबुळीत, एकावर एक साचलेली. किती दिवसांची होती देव जाणे, वास येत होता. मला तिथेच ओकारी आली. वाटीखाली तुमचं पत्र होतं, घडी घालून. ‘आतल्या वस्तूला काहीही अपाय नाही’ याच्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ते कवच त्या औषधापासून पोटाला वाचवण्यासाठीच असतं. ही बाई दोन आठवडे ते सोलून, अनशेपोटी, नुसतं औषध गिळत होती. आता ती गोळी बंद आहे. पण जाळीमुळे फार दिवस बंद ठेवता येणार नाही. वीस तारखेला सकाळी ती सुरू झालीच पाहिजे, तीच, आणि अख्खी, कारण आईला चालेल असं दुसरं औषध नाही म्हणतात.

आई म्हणते, सोलून देत असाल तर घेते. किड्यासकट मी मेले तरी गिळणार नाही. आणि ती खरंच गिळणार नाही, तुम्ही तिला ओळखता. उद्या मी तिला माझ्याकडे आणते आहे.

मामा, तुम्ही तिला हे कशाला लिहिलंत?

निशिगंधा

*

दिघी, दि. १२ एप्रिल २०२५

ती. सुमनताईस,
कृतापराध उद्धवाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र टपालाने न धाडता निशिगंधेच्या हाती देत आहे. तीन दिवसांत मी जी धावपळ केली तिचा वृत्तांत ऐकावा.

तुझ्या गोळ्यांची पट्टी घेऊन प्रथम औषधाच्या दुकानात गेलो. तेथील चिरंजीवांना आतल्या औषधाचे नाव ठाऊक, बाहेरच्याचे नाही. मग ज्या कंपनीची गोळी, तिच्या कचेरीला लिहिले, फोन केले, तेथे नोकरीला असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचे पाय धरले. काल त्यांचे लेखी उत्तर आले. सोबत जोडले आहे, वाचून पाहा. तुझ्या गोळीवर लाख नाही. कधीच नव्हती. तिच्यावरचे कवच कारखान्यात बनवलेले कृत्रिम आहे. त्यात ना किडा, ना झाड, ना कोणताही जीव.

तू म्हणशील, मग सोड्यात निघाले कसे? ताई, तेही कवच पोटात टिकावे व आतड्यात विरघळावे अशाच बेताने केलेले असते, म्हणून तेही सोड्यात सुटते. बुळबुळ झाली म्हणजे लाखच, असे नव्हे. ही गोष्ट मी आधी लिहिली नाही, कारण मास्तराला वाटले विद्यार्थिनी देव्हारा घासते आहे.

तेव्हा वीस तारखेला निःशंक मनाने अख्खी गोळी घे. निर्जीव वस्तू गिळण्याने माळेस बाध येत नाही. तसे असते तर कंपनीच्या कँटीनमधली भाकरीसुद्धा वर्ज्य ठरती.

क्षमेचा व लोभाचा एकदमच भुकेला,
उद्धव

*

वाकड, दि. १५ एप्रिल २०२५

चि. उद्धवास,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. इथे सतराव्या मजल्यावर मला बाल्कनीत बसवून ठेवतात. निशिगंधा ऑफिसचं काम घरूनच करते आणि अधूनमधून येऊन मी श्वास घेते का बघून जाते.

तू जोडलेलं पत्र वाचलं. छान आहे. वर कंपनीचं नाव, खाली शिक्का, जबाबदार अधिकाऱ्याची सही. सहीसुद्धा ऐटबाज आहे.

उद्धवा, अशी पत्रं कोण लिहितं आणि कशी लिहितं हे तूच मला मार्चमध्ये कळवलं होतंस. नाकाला रुमाल लावून. त्या कंपनीतही एखादा उद्धव असेल आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून कुणी बसलं असेल. त्यानं ‘कृत्रिम’ लिहिलं, तू ‘वनस्पतिज’ लिहिलंस. मी विश्वास कशावर ठेवू? फेब्रुवारीत मी तुला एक ओळ मागितली होती. ती तू दिली नाहीस, कालवडीवर विनोद केलास. आता तू तीन पानं दिलीस तरी मला त्यात ती ओळ सापडत नाही.

तू मला वाचवायला खोटं लिहिशील, हे मला माहीत आहे. त्यासाठी मी तुझ्यावर रागावणार नाही. पण मग खरं लिहिलंस तरी ते मला कसं कळावं?

मरायची मला हौस नाही. पण तोंडात घातलं की उलटून येतं, त्याला मी काय करू? निशिगंधा रडते, मला ऐकू येत नाही असं समजून. ऐकू येत नाही, पण दिसतं.

तुझी,
ताई

*

दिघी, दि. १८ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तुझ्या गोळीवर लाख आहे असे मी फेब्रुवारीत लिहिले, तेव्हा मला ते ठाऊक नव्हते. मी पट्टीवरचे नावही वाचलेले नव्हते. वाक्य छान जमत होते, म्हणून लिहिले. पुढे तू विचारलेस तेव्हाही ठाऊक नाही असे लिहायला लाज वाटली, म्हणून विषय टाळला.

मार्चमधल्या दाखल्याबद्दल जे लिहिले ते सर्व खरे होते.

परवा मी प्रीतमकडे गेलो आणि त्या दाखल्याची आमच्याकडची प्रत मागितली. नवा कागद घेतला. ‘वनस्पतिज’ खोडले, ‘कीटकजन्य’ ठेवले, खाली लिहिले की आधीचा दाखला चुकीचा होता व ती चूक माझी होती, आणि सही करून साखरगोळ्यांच्या कारखान्याला धाडला. प्रीतम म्हणाले, सर, दोन वर्षं राहिली तुमची. आता कुणासाठी? मी सांगितले, बहिणीसाठी. त्यांना वाटले तिचा त्या कारखान्यात हिस्सा आहे.

कारखान्याने काल सगळा लेप परत पाठवला. दाखल्यांवर सह्या करण्याचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला आहे. आजपासून मी धुण्याच्या टाकीवर असतो, पाण्याचे नमुने घ्यायला. लाख चौथ्या दिवसाची होती. पाण्यावर लाल साय धरते आणि तिला बोट लावले की खाली किडे वळवळल्यासारखे हलतात, मेलेले असूनही. सकाळी मला दोनदा ओकारी झाली. ज्योतीरामने बादलीभर पाणी ओतले आणि म्हणाला, व्हतंय साहेब, आठ दिस व्हतंय, मग अंगाला लागतं. घरी आलो तर बायकोने पदर नाकाला लावला. साबण तीनदा लावूनही बोटांना वास आहे. या कागदालाही येत असेल.

तू गोळी घ्यावीस म्हणून मी हे केले, असे म्हणालो तर ते पुरते खरे होणार नाही. तुझे पत्र वाचल्यावर मला त्या सहीची शिसारी आली. गोळीविषयी एक ओळ तुला देणे लागतो. ती अशी: तुझ्या गोळीवर किडा नाही.

उद्धव

*

वाकड, दि. २० एप्रिल २०२५

चि. उद्धवास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र निशिगंधानं परवा संध्याकाळी दिलं. वास येतो खरा. मी ते बाल्कनीत, कुंडीखाली टोक दाबून वाचलं.

तुझ्या नव्या दाखल्याचा फोटो तिच्या मोबाईलवर आला आहे, तो तिनं मोठा करून दाखवला. ‘कीटकजन्य’ आणि खाली तुझी सही. ते वाचून माझ्या अंगावर असा काटा आला की विचारू नकोस. देवाच्या प्रसादावर कीटकजन्य! समोरचा वरणभात गेला नाही. रात्रभर तोच शब्द डोळ्यांपुढे. मग काल दुपारी पडल्या पडल्या मनात आलं, जो माणूस असलं किळसवाणं खरं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून, नोकरीतली खुर्ची घालवून बसतो, तो माझ्याशी एका गोळीपुरतं खोटं कशाला बोलेल?

आज पहाटे निशिगंधा पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली होती. तिला बोलू दिलं नाही. आधी दोन घास भाकरी खाल्ली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आणि मग गोळी अख्खी गिळली. उलटली नाही. आता दुपारचे दोन वाजलेत, अजून पोटात आहे.

गिळताना तोंड वाकडं झालंच. ते गोळीमुळे नाही, तुझ्यामुळे.

इकडे येशील तेव्हा आंघोळ करून ये.
तुझी,
ताई